काउंटरमागचे दोघे, बारा वर्षांनी : 'क्लर्क्स २'

तालुक्याच्या बसस्टँडसमोर एक ओळ ठरलेली असते. कृषी केंद्र, झेरॉक्स-ऑनलाइनचं दुकान, मोबाइल रिचार्ज, शेवटी पानठेला. त्यातल्या दोन-तीन काउंटरमागे तिशी ओलांडलेला एकेक पोट्टा बसलेला असतो. पोलीस भरतीचं वय निघून गेलं (खुल्याला २८, राखीवला ३३), एमपीएससीची ३८ची रेघ अजून दूर आहे म्हणून पुस्तकं रद्दीत घातलेली नाहीत, नुसती कपाटावर चढवलीत. विचारलं तर म्हणतो, "सध्या इथं बसतो." हे 'सध्या' दहा वर्षं जुनं असतं. केविन स्मिथचा 'क्लर्क्स २' (२००६) नेमका या 'सध्या'वर आहे. चित्रपट घडतो अमेरिकेत, न्यू जर्सीत. भाषा इंग्रजी, त्यातही अर्धी शिवराळ. तरी वणी, दारव्हा, मूर्तिजापूरकडच्या माणसाला यातलं काय समजणार, ही शंका पहिल्या वीस मिनिटांत मिटते.

आधी एक अट. पहिला 'क्लर्क्स' (१९९४) पाहिल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. कथा कळणार नाही असं नाही, ती सोपीच आहे. पण दुसऱ्या भागातला शेवटचा दीड मिनिट पहिल्या भागाच्या उधारीवर उभा आहे. उधारी माहीत नसेल तर फेडल्याचा आनंदही नाही. पहिला भाग जेमतेम दीड तासाचा, कृष्णधवल, १६ मिमी फिल्मवरचा. खर्च २७,५७५ डॉलर. स्मिथ तेव्हा लिओनार्डो गावातल्या 'क्विक स्टॉप' नावाच्या दुकानात खरोखरच काउंटरवर होता. दिवसा तिथंच नोकरी आणि रात्री दुकान बंद झाल्यावर तिथंच शूटिंग. पैसे उभे केले क्रेडिट कार्डांवर आणि स्वतःचा कॉमिक्सचा साठा विकून.

आता यातली गंमत बघा. शूटिंग रात्रीचं आणि गोष्ट दिवसाची. शटर उघडं ठेवलं तर बाहेरचा काळोख दिसणार. मग गोष्टीतच सोय केली : कोणीतरी कुलपात च्युइंगगम कोंबलंय, शटर उघडतच नाही, म्हणून काउंटरवरचा नोकर डान्टे चादरीवर 'दुकान चालू आहे' असं लिहून बाहेर टांगतो. अडचण लपवण्याऐवजी तिचाच विनोद केला. पाच पैशाचा खर्च नाही आणि प्रसंग तीस वर्षं लोकांच्या डोक्यात. गावात गॅदरिंगचं नाटक बसवणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट उचलली तरी पुष्कळ झालं.

दुसऱ्या भागाची सुरुवात त्याच शटरपासून. डान्टे हिक्स (ब्रायन ओ'हॅलोरन) सकाळी येतो, पडदा कृष्णधवल, शटर वर करतो तर आत आग. त्याचा दोस्त रँडलनं (जेफ अँडरसन) रात्री कॉफीचं भांडं चालूच ठेवलेलं. इथूनच चित्रपट रंगीत होतो. पुढचा प्रसंग एका वर्षानंतरचा. दोघंही 'मूबीज' नावाच्या बर्गरच्या दुकानात, डोक्यावर टोपी, अंगावर भडक गणवेश, वय तेहतिशीच्या आसपास. आज डान्टेचा तिथला शेवटचा दिवस. उद्या तो एमाबरोबर फ्लॉरिडाला जाणार, लग्न करणार. तिचा बाप घर देणार आणि चालवायला गाड्या धुण्याचं सेंटर देणार.

फ्लॉरिडाच्या जागी पुणे ठेवा, सगळं जागेवर बसतं. सासऱ्याचं वॉशिंग सेंटर, सासऱ्याचा फ्लॅट आणि गावात "सुटला बाप्पा पोट्टा" अशी चर्चा. तो खरंच सुटला की नुसता मालक बदलला, एवढाच प्रश्न चित्रपट ९७ मिनिटं चघळतो. हा प्रश्न कोणी भाषणात विचारत नाही. गिऱ्हाइकं, तळण आणि टवाळी यांच्या मधूनमधून तो डोकं वर काढतो.

स्मिथची खरी ताकद काउंटरवरच्या बोलण्यात आहे. रिकाम्या तासात दोन माणसं जे बोलतात त्याला विषय लागत नाही, भांडण लागतं. इथं ते भांडण 'स्टार वॉर्स' मोठा की 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज', यावर आहे. रँडल स्टार वॉर्सवाला. समोर एकोणीस वर्षांचा सहकारी एलायस (ट्रेव्हर फेरमन), देवभोळा, आईच्या धाकातला, रिंग्जवर जीव टाकणारा. रँडल त्या तिन्ही चित्रपटांचा सारांश चालून दाखवतो. पहिला भाग म्हणजे चालणं. दुसरा म्हणजे तेच चालणं, मध्ये थोडं अडखळणं. तिसरा म्हणजे पुन्हा चालणं आणि शेवटी हातातली वस्तू टाकून देणं. दोन्ही मालिका न पाहिलेला माणूसही इथं हसतो, कारण विनोद पायांत आहे, सबटायटलमध्ये नाही. आपल्याकडं खर्रा घोटून होईपर्यंत धोनी की कोहली चालतं, तसंच. जिंकायचं कोणालाच नसतं, पन्नीतला माल तयार होईपर्यंत वेळ काढायचा असतो.

दुकानाबाहेर भिंतीला टेकून नशेचा माल विकणारे 'जे' आणि 'सायलेंट बॉब' हे दोघं याही भागात आहेत. 'जे' म्हणजे जेसन म्यूज, बॉब म्हणजे स्वतः दिग्दर्शक. या वेळी दोघं नशामुक्ती केंद्रातून सुटून आलेत, देवाधर्माला लागलेत. स्वतः ओढत नाहीत, पण विकणं सुरूच. ही विसंगती चित्रपट समजावत बसत नाही आणि तेच बरं. माळ घातलेला माणूस गल्ल्यावर बसून तंबाखूच्या पुड्या विकतो, हे आपल्याला कोणी वेगळं सांगावं लागत नाही.

सर्वांत चांगला बसलेला छोटा प्रसंग लान्सचा (जेसन ली). शाळेतला सोबती. तेव्हा सगळ्यांनी टर उडवलेला, आता इंटरनेटच्या धंद्यात गबर झालेला. काउंटरवर येतो, रँडलला गणवेशात बघतो आणि ऑर्डर देता देता हिशेब चुकता करतो. दिवाळीला पांढरी गाडी घेऊन गावात येणारा, मुद्दाम तुमच्याच दुकानात येऊन पाण्याची बाटली मागणारा आणि "अजून इथंच का बे?" म्हणणारा माणूस सगळ्यांच्या ओळखीचा. अँडरसनचा चेहरा इथं नीट पाहा. एरवी तोंडाला तोंड देणारा रँडल या एका माणसापुढं गप्प पडतो आणि त्याचा राग नंतर भलत्याच ठिकाणी निघतो.

आता तक्रारी. त्या बऱ्याच आहेत.

पहिली तक्रार धंद्याची. पहिल्या भागातलं किराणा दुकान खरं होतं. वस्तूंच्या रांगा खऱ्या, कंटाळा खरा, कारण बनवणारा माणूस त्याच काउंटरवर झिजलेला होता. मूबीज खोटं आहे. कॅलिफोर्नियातल्या ब्यूना पार्कमध्ये एक बंद पडलेलं बर्गर किंग मिळालं, तिथं हा सेट लावला. तो बंदपणा पडद्यावर दिसतो. जेवणाच्या वेळी तिथं गर्दीच नाही. तळणीच्या दुकानाचा दिवस दोन लाटांत जातो. लाट आली की बोलायला सवड नसते. लाट ओसरली की तेल गाळायचं, जाळी घासायची, ट्रे भरून ठेवायचे, गल्ला मोजायचा, आणि गप्पा चालतात त्या हे करत असताना. सकाळी सात ते दहा तर्री-पोह्यांच्या गाडीवर उभं राहून बघा, कोणी दोन वाक्यं सलग बोलू शकत नाही. इथं पाच-सहा माणसांचं हे हॉटेल दिवसभर मोकळं आणि सगळे वादविवादाला बसल्यासारखे. किराणा दुकानात ते खपलं. तिथं एका वेळी एकच गिऱ्हाईक, तो गेला की शांतता. हॉटेलात खपत नाही. पहिल्या भागापेक्षा सुमारे १८० पट पैसा, म्हणजे ५० लाख डॉलर, हाताशी असून हे निसटलं.

दुसरी तक्रार एमाची. दिग्दर्शकाची बायको जेनिफर श्वालबाख हिनं ती भूमिका केलीय. भूमिका म्हणजे काय, हुकूम सोडणारी बाई. डान्टे हिच्याबरोबर जायला का तयार झाला हे कळायला काहीच आधार नाही. त्यामुळं तो तिला सोडणार की नाही, ही उत्सुकताही पहिल्या अर्ध्या तासात संपते. दुसऱ्या बाजूला मॅनेजर बेकी, म्हणजे रोझारिओ डॉसन. हुशार, मोकळी, सगळ्या दुकानात कामाचं बोलणारी एकटी. तिला डान्टेत काय दिसलं, हाही प्रश्नच. पण डॉसन तो प्रश्न विसरायला लावते. ऑफिसात तो तिच्या पायाच्या नखांना रंग लावतोय आणि दोघं लग्न, प्रेम असल्या गोष्टी बोलतायत, हा प्रसंग जवळून पाहण्यासारखा. तो नखावर लक्ष ठेवून बोलतो, ती त्याच्या डोक्याकडं बघून बोलते. नजरेला नजर जवळजवळ नाही. दोघांमध्ये आधी काय घडून गेलंय हे प्रेक्षकाला इथंच कळतं, सांगण्याआधी.

त्यापाठोपाठ गच्चीवरचा नाच. लग्नात नाचता येत नाही म्हणून डान्टे घाबरलेला, बेकी त्याला दुकानाच्या छतावर पावलं शिकवते. जॅक्सन फाइव्हचं गाणं सुरू होतं आणि हळूहळू खालचे लोकही नाचायला लागतात. ही सरळसरळ हिंदी सिनेमाची रीत. अमेरिकन प्रेक्षकाला ती नवलाची वाटली असेल, आपल्याला घरची वाटते. स्मिथला कॅमेरा हलवता येत नाही हा जुना आरोप या पाच मिनिटांपुरता मागं घ्यावा लागतो.

तिसरी तक्रार गंभीर आहे. रँडलच्या तोंडी काळ्या लोकांसाठीची एक घाणेरडी शिवी येते. आजीच्या तोंडून ऐकलेली, तिचा अर्थ 'आळशी' असा त्याचा समज. समोर काळं जोडपं उभं. चूक दाखवल्यावर तो माफी मागायचं सोडून हा शब्द मी चांगल्या अर्थानं परत आणतो म्हणतो आणि गणवेशाच्या पाठीवर लिहून फिरतो. विनोद रँडलच्या मूर्खपणावर आहे हे खरं, त्या जोडप्यातली बाई झालेल्या वांडा साईक्सनं त्याला चांगलं सोलूनही काढलंय. तरी तो ताणला जास्त. आपल्याकडं जातीची नावं म्हणींत आणि शिव्यांत घालून "अरे, बोलायची पद्धत आहे ती" म्हणणारे लोक गावोगाव आहेत. अशा माणसांत बसून हा प्रसंग पाहिला तर कोण कोणावर हसतंय हे आधी तपासा. चुकीच्या बाजूनं हशा आला तर थांबवून बोलायला हरकत नाही.

चौथी गाढवाची. डान्टेच्या निरोपासाठी रँडल रात्री दुकानात एक अश्लील खेळ मागवतो, त्यात खरंच गाढव आहे. धूर सोडणाऱ्या यंत्रामुळं आग लागली समजून अग्निशमनवाले येतात, मग पोलीस, मग सगळे कोठडीत. कथेला त्यांना कोठडीत न्यायचं होतं, त्यासाठी हा सगळा खटाटोप. पण हा भाग अर्ध्यानं कापला असता तरी काम झालं असतं. झाडीपट्टीच्या नाटकात गडी-पाट्लाचा विनोद रंगला की नट लांबवतो, कारण समोर टाळ्या पडत असतात. इथं टाळ्या कोणाच्या ते कळत नाही. गंमत अशी की फ्रान्समधल्या 'कान' चित्रपट महोत्सवात स्पर्धेबाहेर मध्यरात्री दाखवला तेव्हा लोक आठ मिनिटं उभं राहून टाळ्या वाजवत होते. आणि अमेरिकेतला एक नामांकित टीव्ही समीक्षक गाढवाची नुसती बोलणी सुरू झाल्यावरच उठून निघून गेला. दोघांचंही बरोबर म्हणता येईल असा हा चित्रपट आहे.

कोठडीचा प्रसंग मात्र उठून गेलेल्याच्या हातचा गेला. गजांमागं सगळे, काउंटर नाही, टोपी नाही, गिऱ्हाईक नाही. डान्टे ओरडतो : तुझ्यापायी माझं वाटोळं झालं. रँडल नेहमीसारखं टोमण्यानं सुरू करतो आणि मध्येच त्याचा आवाज फाटतो. इतका वेळ ज्याला कशाचंच काही वाटत नाही असं आपण धरून चाललो होतो, त्यालाच सगळ्यात जास्त वाटत होतं. दोस्त चाललाय, नवा करायचं वय राहिलं नाही आणि हे सरळ सांगायची सवय नाही, म्हणून दिवसभर तो सगळ्यांना त्रास देत होता. डान्टे विचारतो, तुला नेमकं हवं तरी काय? रँडलचं उत्तर म्हणजे जळालेलं क्विक स्टॉप आपणच विकत घेऊन पुन्हा उघडायचं. अँडरसन धंदेवाईक नट नाही, मोजकीच कामं केलेला माणूस. कदाचित म्हणूनच तो हे 'अभिनय' न करता बोलतो. हात कुठं ठेवावे हेही त्याला सुचत नाही आणि ते अगदी बरोबर दिसतं. दोन पुरुष दोस्त एकमेकांना 'तू लागतोस' एवढं म्हणायला किती शिव्यांचा फेरा घालतात, याचा इतका चांगला प्रसंग या जातीच्या विनोदी चित्रपटांत फार नाही.

आणि मग पैसा. दुकान घ्यायला पैसे कुठून? 'जे' आणि 'सायलेंट बॉब' देतात, त्यांच्यावर निघालेल्या सिनेमाच्या मानधनातून. अट एकच : आम्हाला दुकानासमोर उभं राहू द्यायचं. विनोद म्हणून झकास, हिशेब म्हणून चोरवाट. साधं कृषी केंद्र काढायचं तर बियाण्याचा, खताचा, कीटकनाशकाचा असे तीन वेगळे परवाने, कंपनीची अनामत, आणि हंगामात दिलेली उधारी कापूस विकून येईपर्यंत थांबायची तयारी. नोकर ते मालक ही उडी तिथंच अडकते, हिंमत कितीही असली तरी. काउंटरवरचा कंटाळा इतक्या बारकाईनं माहीत असलेल्या लेखकानं मालकीची भानगड दोन वाक्यांत उरकावी, हे खटकतं. पहिला चित्रपट ज्यानं क्रेडिट कार्डांवर काढला त्याला तर कर्जाचं वजन चांगलंच माहीत होतं.

तरी शेवट बसतो. तेच दुकान, तेच काउंटर, दोघं उभे, बाहेर ते दोघं. कॅमेरा मागं मागं सरकतो, रंग उतरत जातो आणि चित्रपट पुन्हा कृष्णधवल होतो. दुधाच्या फ्रीजपाशी एक बाई तारखा बघत बाटल्या उचकटतेय. ती पहिल्या भागातली, आणि ती दिग्दर्शकाची आई. सुखाचा शेवट म्हणावा तर रंग गेला, दुःखाचा म्हणावा तर मालकी आली. स्मिथनं ते तिथंच सोडलंय. तिसरा भाग २०२२ मध्ये आला, पण तो लगेच लावू नका. दोन-चार दिवस मध्ये जाऊ द्या.

गावात चार जणांत दाखवायचा असेल तर काही कामाच्या गोष्टी. अमेरिकेत याला 'आर' प्रमाणपत्र आहे, ते शिव्या आणि अश्लीलतेमुळं. घरच्यांसोबत, शाळेच्या हॉलात, गणपतीच्या मंडपात नको. अठरा पूर्ण असलेली मंडळी, आणि गाढवाचं आधी सांगून टाका, म्हणजे कोणाला उठायचं तो उठेल.

सबटायटल आधी तपासा, कारण इथंच खेळ बिघडतो. चित्रपट मूळ सेकंदाला २४ चौकटींचा (नेमकं २३.९७६). आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५नं पळतो, त्यामुळं ९७ मिनिटांचा साधारण ९३ मिनिटांत संपतो. एका वेगाची सबटायटल दुसऱ्या वेगाच्या चित्रपटाला जोडली तर मिनिटाला अडीच सेकंदांचा फरक पडत जातो. दहाव्या मिनिटाला २५ सेकंद. विनोद होऊन गेल्यावर, नाहीतर विनोदाच्या आधीच ओळ येते आणि लोक म्हणतात, चित्रपटात दम नाही. संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये जी आणि एच ही बटणं अक्षरं मागं-पुढं सरकवतात, पण तेवढ्यानं हा रोग जात नाही, पाच मिनिटांनी पुन्हा तेच. टूल्समध्ये ट्रॅक सिंक्रोनायझेशन उघडून सबटायटलचा वेग बदलावा लागतो. तपासायला सुरुवातीची एक ओळ आणि शेवटाजवळची कोठडीतली एक ओळ धरा. दोन्ही जुळल्या तर मधलं सगळं जुळलं.

टिनाच्या छताखाली पावसाळ्यात लावू नका. सगळा चित्रपट बोलण्यावर आहे, सरी सुरू झाल्या की संपला. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या उंचीवर. एकच मोठा बॉक्स मागं ठेवला तर शब्द घुमतात. लाइट जायची भीती असेल तर १५० अँपिअर-तासाच्या चांगल्या बॅटरीवर ३०० वॅटपर्यंतचा प्रोजेक्टर आणि लहान स्पीकर पूर्ण चित्रपटभर निघतात, फक्त त्याच इन्व्हर्टरवर हॉलचे पंखे ठेवू नका.

आणि शेवटी पडदा काळा झाला की घाईनं वायर काढू नका. नामावलीत नट-तंत्रज्ञ संपल्यावर बारीक अक्षरांत नावांची रांगच लागते. मायस्पेस या तेव्हाच्या संकेतस्थळावर चित्रपटाच्या पानाशी आधी जोडल्या गेलेल्या १०,००० लोकांची नावं. वाचून होत नाहीत, पण मागच्या रांगेतलं कोणीतरी हमखास उठून पडद्याजवळ जातं आणि आपल्याकडचं एखादं आडनाव सापडतं का ते बघायला लागतं.